टीबी नव्हता, भाऊ

भाऊ, काल सकाळी मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेतून फोन आला. टीबीचे जंतू वाढतात का ते पाहायला तुमच्या फुप्फुसाच्या तुकड्याचं कल्चर त्यांनी पूर्ण मुदत ठेवलं होतं. त्यात काहीही वाढलं नाही. टीबी नव्हता.

फोन ठेवला, लॅबमधल्या मुलींना सांगितलं की थोडा वेळ मला कोणी हाक मारू नका, आणि मागच्या खोलीत जाऊन निवलेला चहा शांतपणे प्यायले. रडले नाही. इतके दिवस खांदे वर ओढून चालत होते हे मला खांदे खाली आल्यावर कळलं. मग कागद घेतला आणि कोणाकोणाला कळवायचं ते लिहिलं. शीलावहिनी, तुमची लेक प्रणाली, सानूचे बालरोगतज्ज्ञ, तुमचे छातीचे डॉक्टर. आणि सवयीने तुमचं नाव. ते खोडवेना. म्हणून तुम्हाला हे असं कळवते आहे.

आपली ओळख भांडणातूनच झाली होती. तुम्ही सिंदेवाहीचे जुने डॉक्टर, मी चंद्रपुरात नुकतीच पॅथॉलॉजी लॅब उघडलेली. पहिलाच फोन.

"तीच का नवी लॅबवाली बाई?"

"हो. बोला."

"तुमचा रिपोर्ट म्हणते का पेशंटले साखर नाई. पेशंट माह्यासमोर बसून आहे. तो तसा म्हणत नाई."

तो पेशंट म्हणजे मूल तालुक्यातली एक अंगणवाडी मदतनीस होती. पायाला मुंग्या, तोंडाला कोरड, वजन उतरलेलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, एचबीएवनसी, माझ्याकडे झाली होती आणि आकडा अगदी सरळ होता. मी तुम्हाला सांगितलं की माझं मशीन रोज सकाळी तपासलं जातं. तुम्ही म्हणालात, "मशीन तपासता, बाईले तपासलं का?" आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन स्वतः बसने चंद्रपूरला आलात. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. एवढा मोठा माणूस, ओपीडी बंद ठेवून, मला खोटं पाडायला येतो!

साधी साखर केली, ग्लुकोज पाजून परत केली. दोन्ही चढलेल्या. मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहिले तेव्हा सिकलसेल निघाला, तिला स्वतःला कधी माहीत नसलेला. सिकलच्या तांबड्या पेशी लवकर मरतात. त्यांच्यावर साखर चढायला पुरता वेळच मिळत नाही, म्हणून तो सरासरीचा आकडा फसवा, कमी येतो. हे आपण दोघांनीही पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात ते तळटीपेसारखं होतं, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत ते घराघरात आहे.

"पाह्यलं? मशीन चुकलं," तुम्ही म्हणालात.

"मशीन नाही चुकलं. प्रश्न चुकीचा विचारला."

"कोणी?"

"ज्यांनी तपासणी लिहून दिली त्यांनी."

तुम्ही त्या बाईकडे वळून म्हणालात, "आयका. माह्यावरच आलं." तीही हसली. ते भांडण त्या दिवशी मिटलं नाही, आणि नंतरही आपण ते कधी मिटवलं नाही. तुम्ही लॅबवर आलात की तोंड उघडायच्या आत मी म्हणायची, "मशीन बरोबर आहे." तुम्ही म्हणायचात, "पेशंट पण."

आपली रविवारची बैठक त्यातूनच निघाली. तुमचं म्हणणं साधं होतं: नवं संशोधन नागपूर, मुंबई, परदेश कुठेही होऊ दे, ते इथल्या माणसांवर बसवून पाहायचं काम आपलं आहे. ते दुसरं कोणी करणार नाही. मग ब्रह्मपुरी, नागभीड, मूल, गडचिरोली, जमेल तिथून डॉक्टर यायचे. तुमच्या दवाखान्यामागच्या हॉलमध्ये सतरंजी, आलूबोंडे, आणि कोणीतरी वाचून आलेला एक नवा लेख. कोण बोलणार, कोण पेशंटची माहिती आणणार, प्रोजेक्टर कोणाच्या गाडीत येणार, हे सगळं माझ्याकडे. तुमच्याकडे फक्त एक नियम होता. कोणताही रिपोर्ट उघडण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज मोठ्याने बोलायचा. आणि चुकला तर का चुकला तेही मोठ्यानेच. नवे पोट्टे लाजायचे. तुम्ही म्हणायचात, "लाजा नका. रिपोर्ट पाह्यल्यावर तर सारेच हुशार असतात."

एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर आणलं तो रविवार आठवतो? गडचिरोलीच्या त्या उत्साही डॉक्टरांनी लॅपटॉपवर दाखवलं. छातीचा फोटो टाकायचा, क्षणात टीबीचा संशय किती ते रंगात उमटतं. जिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर नाही तिथे हे वरदान आहे, हे तुम्हीही मानलंत. पण प्रश्न विचारल्याशिवाय राहाल तर ना!

"यानं कुठल्या गावचे फुप्फुस पाहून शिक्षण घेतलं?"

"हजारो फोटो आहेत सर, देशभरातले."

"आपल्या खाणीतले आहेत का? वीज केंद्राच्या राखेतले? चुलीवरच्या बायांचे?"

"ते... विचारावं लागेल सर."

"विचारा. तोवर याले म्हणा, अंदाज सांग पण जोरात नको सांगू."

आणि दुसरा एक रविवार. तुम्ही स्वतः बोलणार होतात, मृत्यूनंतर सुईने घेतलेल्या नमुन्यांवर. पूर्ण शवविच्छेदन नाही, चिरफाड नाही. घरच्यांच्या संमतीने फुप्फुस, यकृत अशा ठिकाणचे बारीक तुकडे जाड सुईने घ्यायचे आणि माणूस नेमका कशाने गेला ते शोधायचं. जगात यावर बरंच काम चाललं आहे, खासकरून जिथे अर्धे मृत्यू नुसत्या 'तापाने गेला' एवढ्यावर संपतात तिथे. सगळे म्हणाले, आपल्याकडे कोण परवानगी देईल? मीही म्हणाले. घरात प्रेत असताना कोणाला असं विचारायचं?

तुम्ही म्हणालात, "कोणी विचारलं का आतापर्यंत? नाई ना? मंग नाई म्हणतील हे कोणत्या मशीनवर आलं?"

तेव्हा मला वाटलं होतं, हा विषय कागदावरच राहणार.

तुमचा खोकला सुरू झाला तेव्हा तुम्ही तो महिनाभर लपवलात. वजन उतरलं ते पँटवरून वहिनींना कळलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली. सीटी झाला तरी तेच: टीबी असू शकतो, गाठ असू शकते. त्या सॉफ्टवेअरनेही तुमच्या फोटोवर लाल रंग भरला. तुम्ही म्हणालात, "जोरात सांगून राह्यलं." मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढला, टीबीच्या जंतूची मॉलिक्युलर टेस्ट केली. निगेटिव्ह. परत केली. निगेटिव्ह.

पुढचा सरळ रस्ता म्हणजे तुकडा काढून तपासणं. पण तुमचं हृदय आधीच थकलेलं, आणि खाणीच्या दवाखान्यात, धुळीत काढलेली सुरुवातीची वर्षं आणि सिगरेट यांनी फुप्फुसं जागोजागी फुग्यासारखी झालेली. सुई घातली आणि हवा छातीत शिरली तर सावरणं कठीण होतं. नागपूरचे डॉक्टरही 'करू या' म्हणाले खरे, पण डोळ्यांत बघून म्हणाले नाहीत. तुम्ही नको म्हणालात. तुमचं कारण पटण्यासारखं होतं आणि मी ते मान्य केलं. नाइलाजाने.

आणि इथे आपण दोघांनी बाजू बदलल्या, भाऊ. ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

आयुष्यभर तुम्ही म्हणत आलात की निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं नसतं. आता तुम्ही म्हणायला लागलात, "दोनदा निगेटिव्ह आली, संपला विषय. टीबी नाई." आणि मी, आयुष्यभर मशीनची वकिली करणारी, तुम्हाला समजावत होते की बेडक्यात जंतू कमी असतील, नमुना नीट आला नसेल, मशीनवर इतका विश्वास बरा नव्हे. शीलावहिनी आळीपाळीने आपल्या तोंडाकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमी दोघं एकमेकाचे डायलॉग काऊन म्हणून राह्यले?"

रक्तातून गाठीचे अंश शोधायची नवी तपासणी मी सुचवली. तुम्ही त्यावरचा लेख माझ्याआधी वाचलेला. "पॉझिटिव्ह आली तर तू म्हणशील खात्री करू. निगेटिव्ह आली तर म्हणशील, पाह्यलं, टीबी. मंग रक्त काऊन वाया घालवू?" मी अगदी तेच म्हणाले असते.

शेवटी छातीच्या डॉक्टरांनी मधला मार्ग काढला: सिद्ध झालेला नसला तरी टीबीचा उपचार सुरू करू. आपल्याकडे असं करावं लागतं आणि बऱ्याचदा ते योग्यही असतं. तुम्ही ऐकाल असं मला वाटलं नव्हतं. पण तुम्ही मुकाट्याने गोळ्या घेतल्यात. मळमळत होतं, जेवण जात नव्हतं, लघवी केशरी झाली की वहिनी दचकायच्या, तरी एक दिवस चुकवला नाहीत. मी कौतुक केलं तर म्हणालात, "मले पटलं म्हणून नाई घेत. घरात सानू आहे म्हणून घेतो."

सानू. तुमची नात, बालवाडीत जाणारी. तिची आई, प्रणाली, शाळेत शिकवायला गेली की दिवसभर तुमच्या अंगाखांद्यावर. तुम्हाला टीबी असेल तर तो आधी तिच्याकडे जाणार, आणि एवढ्या लहान मुलात तो मेंदूपर्यंत जायला वेळ लागत नाही. हे तुम्हाला मी सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं. तिचा एक्स-रे केला, कातडीची चाचणी केली, दोन्ही ठीक. तरी बालरोगतज्ज्ञांनी तिलाही प्रतिबंधक गोळी सुरू केली. रोज सकाळी चुरून केळ्यात. ती केळं खायची आणि गोळी थुंकायची, हे कसं जमायचं तिला देव जाणे.

मी नियम घातले. सानू खोलीत येणार नाही. भेटायचं ते अंगणात, उन्हात, वाऱ्यात, मध्ये अंतर ठेवून. तुम्ही कबूल केलंत. तुम्ही आंब्याखाली खुर्चीत, ती तिकडे पायरीवर, आणि तुम्ही तिला ओरडून गोष्ट सांगायचात. ताडोब्यातल्या एका वाघिणीला ऐकायला कमी येतं म्हणून तिच्याशी जंगलातल्या सगळ्यांना जोरात बोलावं लागतं, अशी काहीतरी. थोडं बोललं की तुम्हाला दम लागायचा. मग सानू तिकडून विचारायची, "वाघीण थकली का?"

पण थंडी पडल्यावर वहिनींनी मला फोनवर हळूच सांगितलं की पहाटे पोट्टी तुमच्या पांघरुणात सापडली. तीही एकदा नाही. तुम्हाला खोकत उठून तिला बाहेर काढणं जमलं नाही, की तुम्ही काढलंच नाही, हे मी विचारलं नाही. त्याच दिवशी सिंदेवाहीला आले. तुम्ही अंगणात खुर्चीवर होतात. मी काय काय बोलले ते इथे परत लिहीत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

मग म्हणालात, "झालं?"

"झालं."

"मंग आता अंदाज सांग. मोठ्यानं."

"टीबी."

"काऊन?"

मी कारणं सांगायला लागले. सावलीची जागा, वजन, संध्याकाळचा बारीक ताप, हा जिल्हा. तुम्ही हात वर करून थांबवलंत.

"ते मले माहीत आहे. मी विचारलं, तुले टीबीच काऊन पाह्यजे?"

उत्तरही तुम्हीच दिलंत.

"टीबी असला तर मी वाचतो. म्हणून."

मी म्हणाले, "आणि तुम्हाला कॅन्सरच का पाहिजे?"

तुम्ही सानूकडे बघितलंत. ती पायरीवर बसून कोंबडीला केळं भरवत होती, बहुतेक गोळीवालंच. दोन डॉक्टर, एक एक्स-रे, आणि दोघंही पुरावा शोधत नव्हतो. दोघंही आपापली इच्छा शोधत होतो. रविवारच्या बैठकीत एखाद्या तरुण डॉक्टरने असं केलं असतं तर आपण त्याला सोललं असतं.

थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "मी गेल्यावर पाहून घे. जिवंतपणी सुई नाई, मंग मेल्यावर तर चालते."

"भाऊ, काहीही बोलता."

"काहीही नाई. शीलाले सांगून ठेवलं. प्रणालीले पण. पोट्टीले गोळी किती दिवस द्याची, कोणत्या जंतूवर द्याची, हे नुसत्या अंदाजावर नको. आणि आयक, सुई तू नको मारू."

"का?"

"तुहा हात थांबन. नमुना कमी येईन."

चंद्रपूरच्या दवाखान्यात तुमचा श्वास थांबला तेव्हा सकाळ होती, व्हरांड्यात तुमचे नातेवाईक आणि तुमचे किती तरी पेशंट उभे होते. मेडिकल कॉलेजचे आपल्या बैठकीतले डॉक्टर तयारीने आले. मी वहिनींकडे संमती मागायला गेले. प्रेतासमोर असं कसं विचारायचं, हा माझाच जुना प्रश्न. मला विचारावंच लागलं नाही. मी समोर उभी राहिले तेवढ्यावरच वहिनी म्हणाल्या, "कुठी सही करू?"

तुमचे एक चुलते चिडले. "मेल्यावर काऊन टोचता? काय राह्यलं आता पाहाले?"

वहिनी वळल्या. "सानू राह्यली," म्हणाल्या. "आणि त्याईनं सांगतलं होतं. जिते असतानी मी त्याईचं कधी आयकलं नाई. आता एकदा आयकू द्या."

प्रणालीने आईच्या सहीखाली सही केली. आत डॉक्टरांनी नमुने घेतले, मी बाटल्यांवर नावं लिहिली. चादर नीट केल्यावर तुम्ही तसेच दिसत होतात, रविवारी कोणाचं तरी भाषण लांबलं की डोळे मिटून बसायचात तसे. दुपारी तुम्हाला सिंदेवाहीला नेलं.

पहिला रिपोर्ट तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधीच आला. कॅन्सर. फुप्फुसातलाच, ग्रंथींमध्ये पसरलेला. टीबीच्या खुणा तुकड्यात नव्हत्या, मॉलिक्युलर टेस्टही निगेटिव्ह. मी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी स्वतः पाहिली. परत पाहिली. तुम्हाला कधी अशी पेशी दाखवली असती तर तुम्ही म्हणाला असतात, "मले काय कळते, तू सांग." मी सांगते आहे. शंका नव्हती.

तरी कल्चर बाकी होतं, आणि टीबी आणि कॅन्सर एकाच छातीत एकत्र राहू शकतात हे आपण दोघांनी पाहिलेलं आहे. म्हणून वहिनींना कॅन्सरचं सांगितलं, पण सानूची गोळी सुरूच ठेवली. प्रणालीने विचारलं, "मावशी, आता तर कळलं ना? अजून काऊन द्याची?" मी म्हणाले, "अर्धं कळलं." ती चिडली. एक दिवस मला फोनवर म्हणाली की बाबा आणि तुम्ही दोघं सारखेच, शंभर टक्के कळेपर्यंत कोणाला जेवू देत नाही. आणि मग रडायला लागली. तिचा खरा प्रश्न वेगळा होता. तो तिने रडून झाल्यावर विचारला.

"ते टीबीचं औषध बाबांनी उगाच घेतलं का मग? उलट्या, त्रास, सारं उगाच?"

भाऊ, हा प्रश्न तुमच्यासाठी होता. तुम्ही नव्हतात म्हणून मी उत्तर दिलं. म्हटलं, जे त्या दिवशी माहीत होतं त्यावर ते बरोबरच होतं. आज जास्त माहीत आहे म्हणून तो दिवस चुकीचा ठरत नाही. आणि एवढा पसरलेला कॅन्सर; त्या हृदयाला आणि त्या फुप्फुसांना कोणताही भारी उपचार झेपला नसता; आधी कळलं असतं तरी रस्ता फारसा बदलला नसता, असं छातीच्या डॉक्टरांचंही मत आहे. ती ऐकत राहिली. तिला पटलं की नाही मला माहीत नाही. मला पटलं आहे का? बरंचसं. काही रात्री नाही. पण अंगणातल्या त्या गोष्टी आठवल्या की वाटतं, ओरडून का होईना, तिला त्या मिळाल्या. खुर्ची लांब होती, माणूस लांब नव्हता.

काल मी फोनवर सांगू शकले असते. पण दुपारचे नमुने मुलींवर सोपवले आणि गाडी काढली. मूलच्या पुढे जंगलात रस्त्यावर वानरं बसली होती, हॉर्न वाजवूनही हलेनात, आणि मी नेहमीसारखी वैतागले नाही. नुसती थांबले. असं थांबायला मला किती दिवसांनी जमलं!

वहिनी धान वाळत घालत होत्या. मला बघून उठल्या, हात पुसले नाहीत, फक्त विचारलं, "सांगा."

"टीबी नव्हता."

"म्हणजे पोट्टीच्या अंगात काही नाई?"

"काही नाही वहिनी. तिला भाऊंकडून काही लागलेलं नाही."

त्या धानाच्या बाजूला खाली बसल्या. बराच वेळ तळवा धानावरून फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग ते पहाटेचं... ती त्याईच्या पांघरुणात जात होती ते..."

"त्याने काही बिघडलं नाही."

"मले माहीत होतं ती जाते ते. मीच दार उघडं ठेवत होती." मग माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, "दाराचं तुमाले नाई सांगतलं. तुमी रागावल्या असत्या."

मी रागावले असते. नक्की रागावले असते. आणि काल मी त्यांच्याजवळ धानात बसले आणि त्यांचा हात धरला, आणि तुम्हाला ती पहाटेची ऊब मिळाली म्हणून मला इतकं बरं वाटलं की ते कोणत्याही पुस्तकात बसणार नाही. भाऊ, मला टीबी हवा होता. शेवटपर्यंत. तुम्ही असता, रविवारी आलूबोंडा खात माझी चेष्टा करत असता, म्हणून. हे मी तुम्हाला त्या अंगणात म्हणायला हवं होतं, कारणांची यादी वाचण्यापेक्षा. तुम्ही ते ओळखलंत आणि मोठ्याने बोललातही; पण माझ्या तोंडून ते ऐकायचा तुमचा हक्क होता. आता सांगते. आणि हेही सांगते की तुमची इच्छा माझ्यापेक्षा मोठी होती, आणि ती खरी ठरली म्हणून मी काल गाडीत एकटीच असताना तुमचे आभार मानले.

बालरोगतज्ज्ञांना वहिनींसमोरच फोन लावला. ते म्हणाले, बंद करा. तेवढ्यात सानू शाळेतून आली. दप्तर फेकलं, मला पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. मी दिसले की गोळी, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

"उद्यापासून गोळी नाही," मी म्हणाले.

तिने संशयाने पाहिलं. "उद्या नाई?"

"नाही."

"परवा?"

"परवा पण नाही."

"सोमवारी?"

"नाही."

"आबा गेले म्हणून नाई का?"

वहिनींचा हात धानावर थांबला. मी खाली वाकले, तिच्या डोळ्यांसमोर आले आणि क्रमाने, नीट सांगितलं, तुम्ही पेशंटला सांगायचात तसं. "नाही. आबांचा आजार तुला लागणारा नव्हताच. आबांनीच आम्हाला ते शोधून काढायला सांगितलं होतं. आम्ही शोधलं."

तिने विचार केला. "मंग मी आबाजवळ झोपली होती ते चालते?"

"चालते," मी म्हणाले.

"आजी!" ती धानातून पाय उडवत घरात पळाली, आजी तिथेच बसलेली असताना. "आजी, चालते म्हणे!"